सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारावरील संवादाधारित मानसोपचार

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर) या मानसिक विकारावर प्रशिक्षित उपचारकाशी होणाऱ्या नियमित व नियोजित संवादातून जे उपचार केले जातात, त्यांना संवादाधारित मानसोपचार म्हणतात. एकेकाळी हा विकार जवळजवळ असाध्य मानला जात असे. १९९० च्या दशकापासून झालेल्या नियंत्रित चाचण्यांनी हे मत बदलले. आज संवादाधारित मानसोपचार हाच या विकारावरील मुख्य उपचार समजला जातो आणि औषधांना साहाय्यक स्थान दिले जाते.

या उपचारांचा सरासरी परिणाम मध्यम प्रमाणाचा आहे. विकाराची तीव्रता, स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग आणि आत्महत्येचे प्रयत्न त्यांमुळे कमी होतात. नोकरी, शिक्षण व नातेसंबंध यांची घडी बसण्यास मात्र अधिक काळ लागतो. कोणती उपचारपद्धती सर्वोत्तम आणि उपचार किती सघन असावेत, यांविषयी संशोधकांत एकमत नाही.

विकाराचे स्वरूप

भावनांचे तीव्र व वेगाने होणारे चढउतार, नातेसंबंधांतील अस्थिरता, एकटे टाकले जाण्याची पराकोटीची भीती, स्वतःविषयीच्या कल्पनेतील अनिश्चितता, आतील रितेपणाची सततची जाणीव, अनावर राग, आवेगी वर्तन आणि स्वतःला इजा करून घेण्याकडे कल ही या विकाराची प्रमुख लक्षणे आहेत. अतीव ताणाच्या वेळी काही काळ संशयग्रस्तता किंवा भोवतालापासून तुटल्याची भावनाही निर्माण होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत नऊ निकष दिले असून त्यांपैकी किमान पाच आढळल्यास निदान केले जाते.

सर्वसाधारण लोकसंख्येत या विकाराचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के मानले जाते. रुग्णालयांत उपचार घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या अधिक दिसते, परंतु लोकसंख्येच्या पाहण्यांत स्त्री-पुरुषांतील फरक पुष्कळच कमी आढळतो. हा विकार अनुवांशिक प्रवृत्ती आणि बालपणातील प्रतिकूल अनुभव यांच्या संयोगातून उद्भवतो, असे सामान्यतः मानले जाते. बालपणी छळ किंवा दुर्लक्ष सोसावे लागल्याचे अनेक रुग्णांच्या इतिहासात आढळते, तथापि तसा इतिहास प्रत्येकाचा नसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९३८ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी मज्जाविकृती व चित्तविकृती या दोन्ही वर्गांच्या सीमेवर असणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. ‘सीमावर्ती’ हे नाव या कल्पनेवरून रूढ झाले. हे रुग्ण पारंपरिक मनोविश्लेषणाला नीट प्रतिसाद देत नाहीत, हे स्टर्न यांनीच नोंदवले होते. पुढे ऑटो कर्नबर्ग यांनी १९६० च्या दशकात या व्यक्तिमत्त्वाच्या घडणीचा सिद्धांत मांडला. जॉन गंडरसन व मार्गारेट सिंगर यांनी १९७५ मध्ये तोवरच्या वर्णनांचा आढावा घेऊन निदानाला निश्चित रूप दिले. १९८० मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराचा समावेश झाला.

निदान ठरले तरी उपचारांविषयीची निराशा कायम राहिली. रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात, वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करतात आणि उपचारकाशी त्यांचे नाते वादळी ठरते, असा अनुभव सांगितला जात असे. त्यामुळे ‘अवघड रुग्ण’ असा शिक्का त्यांच्यावर बसला आणि अनेक ठिकाणी त्यांना उपचार नाकारले गेले. या पार्श्वभूमीवर सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी १९९१ मध्ये पहिल्या मोठ्या परिणामाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या ४४ स्त्रियांवर केलेल्या या चाचणीत एक वर्षाचा नवा उपचार आणि समाजात उपलब्ध असलेले नेहमीचे उपचार यांची तुलना होती. नव्या उपचारातील स्त्रियांमध्ये इजेचे प्रसंग कमी झाले, रुग्णालयात राहावे लागण्याचे दिवस घटले आणि उपचार टिकवून ठेवणाऱ्यांचे प्रमाण बरेच अधिक होते. नैराश्य व हताशपणा यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. वर्तन आधी बदलते आणि मनातील वेदना मागाहून ओसरते, हा प्रकार पुढील अनेक चाचण्यांतही दिसून आला.

लिनेहन यांनी २०११ मध्ये आपण स्वतः तरुणपणी अशाच तीव्र त्रासातून गेल्याचे आणि दीर्घकाळ रुग्णालयात राहिल्याचे जाहीरपणे सांगितले.

प्रमुख उपचारपद्धती

या विकारासाठी खास रचलेल्या उपचारपद्धतींपैकी चार पद्धतींचा अभ्यास अधिक झाला आहे.

द्वंद्वात्मक वर्तनोपचार: डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी किंवा डीबीटी या नावाने ही पद्धत ओळखली जाते. स्वतःला आहे तसे स्वीकारणे आणि त्याच वेळी बदल घडवणे या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ घालणे हे तिचे सूत्र आहे. उपचारात चार घटक असतात: दर आठवड्याला वैयक्तिक भेट, दर आठवड्याला गटात कौशल्यांचे प्रशिक्षण, संकटाच्या वेळी दूरध्वनीवरून मार्गदर्शन आणि उपचारकांची आपसांतील नियमित बैठक. सजगता, त्रास सहन करणे, भावनांचे नियमन आणि इतरांशी परिणामकारक व्यवहार ही चार प्रकारची कौशल्ये शिकवली जातात. उपचाराचा प्रचलित कालावधी एक वर्षाचा आहे.

मेंटलायझेशनवर आधारित उपचार: अँथनी बेटमन व पीटर फॉनगी यांनी लंडनमध्ये ही पद्धत विकसित केली. स्वतःच्या व दुसऱ्याच्या वागण्यामागील विचार, भावना व हेतू ओळखण्याच्या क्षमतेला मेंटलायझेशन म्हणतात. भावनिक उद्रेकाच्या क्षणी ही क्षमता कोलमडते, असे या पद्धतीचे गृहीतक आहे. उपचारक तयार उत्तरे देण्याऐवजी जिज्ञासेने प्रश्न विचारून ती क्षमता पुन्हा जागी करतो.

स्कीमा उपचार: जेफ्री यंग यांच्या या पद्धतीत बालपणी रुजलेल्या आणि प्रौढपणीही आयुष्य नियंत्रित करणाऱ्या धारणांवर काम केले जाते. बालपणी अपुऱ्या राहिलेल्या भावनिक गरजा उपचारातील नात्यातून मर्यादित प्रमाणात भागवणे हे तिचे वैशिष्ट्य आहे.

भावसंक्रमण-केंद्रित उपचार: कर्नबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाच्या आधारे ही पद्धत घडवली. रुग्णाच्या मनात इतरांविषयी असणारी टोकाची चित्रे उपचारकाशी असलेल्या नात्यातही उमटतात. ती चित्रे तपासून एकसंध करणे हे उपचाराचे उद्दिष्ट असते.

परिणामकारकता मोजण्याची रीत

या विकाराची लक्षणे कोणत्याही खास उपचाराशिवायही काळाच्या ओघात कमी-जास्त होतात. शिवाय बहुतेक रुग्ण प्रकृती सर्वांत खालावलेली असताना उपचारांकडे वळतात, म्हणून नंतरची सुधारणा ही उपचारामुळेच झाली असे म्हणता येत नाही. यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचण्या घेतल्या जातात. त्यांत सहभागी व्यक्तींची विभागणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने केली जाते. एका गटाला अभ्यासाधीन उपचार व दुसऱ्या गटाला तुलनेसाठीचा उपचार दिला जातो आणि दोन्ही गटांतील फरक मोजला जातो.

तुलना कशाशी केली, यावर निष्कर्ष मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. ‘नेहमीचे उपचार’ या शब्दांत कधी नियमित वैद्यकीय देखरेख येते, तर कधी क्वचित होणाऱ्या तुरळक भेटीही येतात. तुलनेचा उपचार दुबळा असेल तर नवा उपचार प्रभावी दिसतो. तुलनेचा उपचारही काळजीपूर्वक आखलेला असेल तर दोहोंतील अंतर कमी होते. औषधांच्या चाचणीत रूप सारखे असलेली निष्क्रिय गोळी देता येते, मात्र संवादाच्या उपचारात आपण कोणता उपचार घेत आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही. त्यामुळे अपेक्षेचा प्रभाव पूर्णपणे वगळणे अशक्य असते.

एकत्रित पुरावा

कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात ७५ यादृच्छिक चाचण्या व ४,५०७ सहभागी व्यक्तींचा समावेश होता. सहभागींमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत मानसोपचाराने विकाराची तीव्रता मध्यम प्रमाणात कमी झाली. प्रमाणित फरक सुमारे ०.५ इतका होता. ० ते ३६ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक साधारण ३.६ गुणांचा होतो. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक ३ गुणांचा धरलेला असल्याने ही सुधारणा अर्थपूर्ण ठरते, पण फारशी मोठी ठरत नाही. स्वतःला इजा करणे, आत्महत्येशी संबंधित वर्तन आणि सामाजिक कार्यक्षमता यांतही सुधारणा आढळली. मात्र या बाबींवरील पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे परीक्षकांनी नमूद केले. सर्वाधिक चाचण्या द्वंद्वात्मक वर्तनोपचार व मेंटलायझेशनवर आधारित उपचार यांच्या होत्या.

त्यापूर्वी २०१७ मध्ये ३३ चाचण्या व २,२५६ सहभागी व्यक्तींचा एक विश्लेषणात्मक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यातही उपचारांचा लाभ दिसला, परंतु तो लहान होता. अनुकूल निष्कर्षांच्या चाचण्या अधिक प्रमाणात प्रसिद्ध होत असल्याची चिन्हे आढळल्याने प्रत्यक्ष लाभ त्याहूनही कमी असू शकतो, असा इशारा त्या आढाव्याने दिला.

सरासरी आकडे मध्यम असले तरी त्यांचा व्यवहारातील अर्थ मोठा असू शकतो. लिनेहन व सहकाऱ्यांच्या २००६ मधील चाचणीत १०१ स्त्रियांची तुलना होती आणि तुलनेच्या गटाला समाजातील नामांकित उपचारकांकडून उपचार मिळत होते. एक वर्षाचा उपचार व त्यानंतरचे एक वर्ष अशा दोन वर्षांत द्वंद्वात्मक वर्तनोपचाराच्या गटातील सुमारे २३ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे ४६ टक्के स्त्रियांनी आत्महत्येचा प्रयत्न केला.

पद्धतींची परस्पर तुलना

नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्कीमा उपचार आणि भावसंक्रमण-केंद्रित उपचार यांची तुलना झाली. दोन्ही उपचार आठवड्यातून दोनदा, तीन वर्षे दिले गेले. दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण स्कीमा उपचार घेणाऱ्यांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते आणि उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. याउलट न्यूयॉर्कमधील २००७ च्या चाचणीत ९० रुग्णांना भावसंक्रमण-केंद्रित, द्वंद्वात्मक किंवा आधारदायी उपचार एक वर्ष देण्यात आले, तेव्हा तिन्ही गटांत बऱ्याच बाबतींत सुधारणा दिसली.

टोरांटो येथील २००९ च्या चाचणीचा निष्कर्ष विशेष चर्चिला गेला. १८० रुग्णांपैकी निम्म्यांना द्वंद्वात्मक वर्तनोपचार आणि निम्म्यांना ‘सर्वसाधारण मानसोपचार व्यवस्थापन’ देण्यात आले. दुसऱ्या पद्धतीत आठवड्यातून एकदा वैयक्तिक भेट, विकाराविषयी माहिती, आयुष्यातील नातेसंबंधांवर चर्चा आणि औषधांची देखरेख यांचा समावेश होता. वर्षअखेर दोन्ही गटांत आत्महत्येचे व इजेचे प्रसंग लक्षणीयरीत्या घटले आणि दोहोंत महत्त्वाचा फरक आढळला नाही. लंडनमधील २००९ च्या एका चाचणीतही १३४ रुग्णांवर मेंटलायझेशनवर आधारित उपचार व सुनियोजित वैद्यकीय व्यवस्थापन यांची तुलना झाली. दोन्ही गट सुधारले, मात्र मेंटलायझेशनच्या गटातील सुधारणा अधिक वेगवान होती.

या निष्कर्षांवरून अनेक अभ्यासक असे मानतात की, उपचाराच्या नावापेक्षा काही समान घटकांचे महत्त्व अधिक आहे. उपचाराची स्पष्ट रचना, उद्दिष्टांविषयी सुरुवातीलाच झालेला करार, संकटाच्या वेळी काय करायचे याची ठरलेली योजना, शांत व सक्रिय उपचारक आणि त्या उपचारकाला सहकाऱ्यांकडून मिळणारा आधार हे ते घटक होत.

सघनता व कालावधी

आठवड्यातून अनेक तास आणि वर्षानुवर्षे चालणारा उपचार खर्चिक असतो व मोजक्याच रुग्णांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे किती उपचार पुरेसा, हा प्रश्न व्यावहारिकदृष्ट्या कळीचा आहे.

लिनेहन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ९९ स्त्रियांवर द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे घटक वेगळे करून पाहिले. संपूर्ण उपचार, केवळ कौशल्य प्रशिक्षणावर भर असलेला उपचार आणि कौशल्य प्रशिक्षण वगळलेला वैयक्तिक उपचार अशा तिन्ही गटांत आत्महत्येचे प्रयत्न सारख्याच प्रमाणात घटले. स्वतःला इजा करण्याच्या वर्तनात मात्र कौशल्य प्रशिक्षण असलेले उपचार सरस ठरले. कॅनडातील २४० रुग्णांच्या एका चाचणीत सहा महिन्यांचा द्वंद्वात्मक वर्तनोपचार बारा महिन्यांच्या उपचारापेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १५ ते २५ वयोगटातील १३९ तरुणांवर झालेल्या चाचणीत विशेष मानसोपचाराची जोड असलेल्या सेवेने सामाजिक कार्यक्षमतेत इतर गटांपेक्षा अधिक लाभ दाखवला नाही, पण सर्व गट सुधारले.

उलट बाजूचा पुरावाही आहे. पाच देशांतील ४९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वैयक्तिक व गट अशा दोन्ही स्वरूपांत दिलेला स्कीमा उपचार सर्वाधिक परिणामकारक ठरला. केवळ गटातील उपचाराला तेवढे यश आले नाही. अतिशय अल्प उपचार पुरेसा नाही, यावर मात्र बरेच एकमत आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत तीन महिन्यांपेक्षा कमी काळाचे मानसोपचार या विकारासाठी वापरू नयेत, असे सांगितले आहे.

दीर्घकालीन परिणाम

मेंटलायझेशनवर आधारित उपचाराची पहिली चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील रुग्णांचा सुरुवातीपासून आठ वर्षांनी पुन्हा अभ्यास करण्यात आला. तेव्हा उपचार घेतलेल्या गटातील १३ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील ८७ टक्के रुग्ण अद्याप निदानाचे निकष पूर्ण करत होते. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २३ व ७४ टक्के होते. गट लहान असल्याने हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. सुधारलेल्या गटातही सामाजिक कार्यक्षमता सर्वसाधारण लोकांपेक्षा कमीच होती.

विकाराच्या नैसर्गिक वाटचालीचा विचार केल्याशिवाय या निष्कर्षांचे मूल्यमापन होत नाही. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९० च्या दशकात २९० रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांना किमान दोन वर्षे टिकणारी लक्षणमुक्ती मिळाली, परंतु लक्षणमुक्तीबरोबर स्थिर नातेसंबंध व नियमित काम साधणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५० टक्केच होते. टोरांटोच्या चाचणीतही उपचार संपल्यानंतर दोन वर्षांनी निम्म्याहून अधिक रुग्ण नोकरी किंवा शिक्षण यांपैकी कशातही नव्हते. यावरून लक्षणे शमवणे व आयुष्य उभे करणे ही दोन वेगळी उद्दिष्टे असून दुसऱ्यासाठी उपचारात रोजगार व शिक्षणविषयक साहाय्याची जोड हवी, असे मत पुढे आले आहे.

औषधांशी तुलना

या विकारासाठी कोणतेही औषध अधिकृतरीत्या मान्य झालेले नाही. ब्रिटनमध्ये २७६ रुग्णांवर लॅमोट्रिजिन या औषधाची एक वर्षाची चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार निष्क्रिय गोळीच्या तुलनेत या औषधाचा लाभ दिसला नाही. तरीही अनेक रुग्णांना एकाच वेळी अनेक औषधे दिली जातात. सोबत असलेल्या नैराश्यासारख्या विकारांसाठी औषधे आवश्यक ठरू शकतात आणि ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय अचानक बंद करणे धोक्याचे असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही पुराव्याचा आधार असलेल्या सुनियोजित मानसोपचाराची शिफारस केली आहे.

मर्यादा व आक्षेप

उपलब्ध चाचण्यांपैकी बऱ्याच लहान आहेत आणि काही चाचण्या उपचारपद्धतीच्या प्रवर्तकांनीच केलेल्या आहेत. सुमारे चारपैकी एक रुग्ण उपचार पूर्ण करत नाही. पुरुष, वयस्कर व्यक्ती आणि युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांबाहेरील रुग्ण यांच्याविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. उपचारांमुळे झालेल्या संभाव्य हानीची पद्धतशीर नोंद अनेक चाचण्यांत आढळत नाही. आत्महत्येने होणारे मृत्यू संख्येने कमी असल्यामुळे चाचण्यांतून त्यांवरील परिणाम थेट सिद्ध करणे कठीण असते. म्हणून प्रयत्नांची संख्या हा निकष वापरला जातो.

निदानाच्या नावावरही आक्षेप घेतला जातो. या नावामुळे रुग्णाकडे आरोग्यसेवकच पूर्वग्रहाने पाहतात, अशी तक्रार रुग्णसंघटना करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्व विकारांची विभागणी तीव्रतेनुसार केली असून ‘सीमावर्ती’ हा केवळ एक अतिरिक्त नमुना म्हणून ठेवला आहे.

भारतातील स्थिती

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विविध मानसिक विकारांबाबत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. अशा परिस्थितीत दीर्घ व सघन उपचार सर्वांना मिळणे अवघड आहे. विशेष प्रशिक्षण नसलेल्या, पण सुनियोजित पद्धतीने काम करणाऱ्या उपचारकांकडूनही रुग्णांना लाभ होऊ शकतो, या निष्कर्षाला त्यामुळे भारतात वेगळे महत्त्व आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची व्यवस्था करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मदत मिळते. ही सेवा दीर्घकालीन मानसोपचाराची जागा घेत नाही, परंतु संकटाच्या क्षणी तातडीचा आधार आणि पुढील उपचारांसाठी मार्गदर्शन देते.